अस्तर

आधी काळा दोरा दिसला.
गणवेशाच्या पांढऱ्या टेरिकॉटवर, खिशाजवळ.
चिमटीत धरायला गेलो, सरकला.
पुन्हा गेलो, पुन्हा सरकला.
कोकिळा म्हणाली, तठे काहीच नही शे.

मग रात्री दिवा मालवल्यावर
उजव्या कडेला वेल्डिंगच्या ठिणग्या.
डोळे मिटले तरी.
शहाद्याच्या चष्मेवाल्यानं नंबर वाढवून दिला.
जूनचे दिवस, शाळेचे एकशे दहा जोड बाकी,
मी वाढीव नंबर लावून मशीन मारत राहिलो.

चौथ्या दिवशी खालून अंधार चढू लागला.
आधी मशीनची पट्टी बुडाली, मग माझा अंगठा.
दुपारपर्यंत समोर उभ्या गिऱ्हाइकाला
छातीखाली काहीच नव्हतं.
छातीचं माप घेतलं. कमरेचं अंदाजानं लिहिलं.

धुळ्याला डॉक्टर नेहेते.
थेंब, पुन्हा थेंब, बाकावर तासभर.
त्यांच्या कपाळावर दिवा, हातात भिंग:
वर बघा. खाली बघा. माझ्या कानाकडे बघा.
बोथट सळईनं पापणीवरून डोळा दाबत होत्या,
मी टेबलाची कड धरून.

मग कागदावर एक वर्तुळ काढलं.
चिकटलेलं ते लाल पेन्सिलीनं,
सुटलेलं निळ्या.
निळं पुष्कळ होतं.
वरच्या अंगाला घोड्याच्या नालेसारखी बारकी फाट.
"फाटलंय वर," म्हणाल्या, "पण डोळ्यात चित्र उलटं पडतं,
म्हणून तुम्हाला अंधार खालून."
पडदा सुटला, मागे पाणी शिरलं, वगैरे.
मी म्हणालो, बाई, अस्तर सुटलं म्हणा की.
कोट साबूत, आत अस्तर लोंबतंय.
त्या हसल्या. मग पेन्सिल खाली ठेवली.
"तसंच. पण हे अस्तर सुटलं की उपाशी मरतं.
उद्या नाही. आज."

ऑपरेशनचं थोडंच आठवतं.
डोळा बधिर, कान जागे.
आतला गर काढला,
लेझरनं फाटीभोवती टीप मारली.
टाके बारीक पडतायत ना,
मी मनात मोजत होतो.
शेवटी वायूचा फुगा सोडला आत,
गोंद धरेपर्यंत कापड दाबून ठेवतात तसा.

आठ दिवस तोंड खाली. जेवताना, झोपताना.
मला हे सांगायची गरज नव्हती,
चाळीस वर्षं मान खालीच आहे.
फक्त आता खाली शिवायला काही नव्हतं.
फरशी, तिच्या तीन भेगा,
कळण्याच्या भाकरीचा कण ओढत नेणारी मुंगी.

आणि घाट चढायचा नाही.
वर हवा विरळ, फुगा डोळ्यातच फुगेल,
आहे ती नजरही जाईल.
तोरणमाळला नातीचं बारसं होतं.
जावई तिथल्या आश्रमशाळेत मास्तर.
कुंची शिवून तयार होती,
हिरव्या खणाची, आतून मलमल,
काळा दोरा दिसत होता त्याच आठवड्यात शिवलेली.
कोकिळा एकटी गेली.
दारातून म्हणाली, तोंड खालेच ठेवज्यात.
तिचा आवाज ऐकू आला, चपला दिसल्या.

उरलेले साठ जोड समोरच्या सुभान टेलरनं शिवले.
डबाही तोच आणायचा.
हिशोब नंतर बघू, म्हणाला.
नंतर बघितलाही.

नवव्या दिवशी मान वर केली.
डोळ्यात पाण्याची आडवी रेघ,
गवंड्याच्या लेव्हलच्या नळीतल्यासारखी डुलणारी.
रेघेवर दिसत होतं, खाली चकचकीत धुकं.
रोज थोडी उतरली,
मग तिचा गोल झाला, कोटाच्या बटणाएवढा,
मग शर्टाच्या.
एका सकाळी शटर उचलताना पाहिलं तर नव्हता.

सुईत दोरा चौथ्या खेपेला गेला.
सरळ शिलाई मधे किंचित वाकलेली दिसते.
पट्टी लावून बघतो. पट्टीही वाकते.
मग बोटाचं ऐकतो.

परवा मुलीचा फोन:
बाबा, कुंचीचं अस्तर एका अंगानं
दोन बोटं बाहेर डोकावतंय.
उसवून घालू का परत?
मी विचारलं, धरून आहे ना?
आहे, म्हणाली.
मग राहू दे.